हनुमंतरावांचा सात नंबर

"ह्या गावांत माझ्याइतके खून कोणी केले नाहींत," असं हनुमंतराव नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत आणि तो दचकला की प्रसन्न होऊन त्याला कॉफी पाजत. मलाही त्यांनी तेच ऐकवलं होतं. नवऱ्याची बँकेतली नोकरी मद्रासला बदलली म्हणून मी नुकतीच कोल्हापूरहून आले होते. तिथे शिकलेलं फिल्म जोडायचं काम इथे कुणी देईल का, हे विचारायला कोडंबाक्कमच्या एका स्टुडिओच्या दारात उभी होते. समोर पांढरंशुभ्र धोतर, वर काळा कोट, कपाळावर गोपीचंदन, काखेत छत्री आणि उजव्या कानात कापसाचा बोळा. असा माणूस अस्सल मराठीत खुनांचा हिशेब सांगायला लागल्यावर मी नोकरी न मागताच परत फिरणार होते.

"भिऊं नका, बाई. सगळे खून नुसत्या आवाजाचे," ते म्हणाले. "कॉफी होणा?"

'होणा' म्हणजे 'हवी का', हे मला कळायला जरा वेळ लागला. हनुमंतरावांच्या घरात मराठी आली ती तंजावरच्या राजांबरोबर आणि पुढे ती त्यांनी लोणच्याच्या बरणीसारखी झाकून ठेवली होती. मी एकदा त्यांच्या बोलण्याला हसले, तर म्हणाले, "आमची मराठी बिघडलेली नव्हे. आम्ही नेली तशी ठेवली. बिघडली ती तुमची, मागं राहिलेल्यांची."

मला तिथे जोडणीचं काम मिळालं. ते त्याच स्टुडिओत आवाजाचं काम करत. पडद्यावर घोडा धावला की इकडे नारळाच्या करवंट्या आपटणारे ते, पाऊस पडला की सुपात मोहरी हलवणारे ते. कानातल्या बोळ्याचं कारण विचारलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "डावा कान बाजारासाठी. उजवा कामाचा, तो बाहेर खर्च करायचा नाही." स्टुडिओच्या फाटकात शिरले की बोळा निघे आणि कोटाच्या खिशात जाई. मग त्या कानाला काय ऐकू येईल याचा नेम नसे. जिन्यावरच्या चपला वाजल्या की कोण आलं ते सांगत, इतकंच नव्हे तर त्याचं बायकोशी भांडण झालंय का, तेही सांगत. स्टुडिओसमोरच्या हॉटेलात कॉफी पेल्यातून वाटीत ओतली जाताना नुसत्या धारेवरून दुधात आज पाणी किती, हे ते खड्या आवाजात जाहीर करत. शेवटी मालकाने त्यांची कॉफी आत भटारखान्यातच ओतून आणायचा हुकूम काढला. हनुमंतरावांनी तो आपला जाहीर सत्कार मानला.

पण त्यांची खरी दौलत म्हणजे सात नंबर. ती एका पत्र्याच्या गोल डब्यात असे. बंदुकीच्या गोळीच्या आवाजाची फीत. त्या काळात मद्रासला मारामारीचे बोलपट धो धो निघत आणि शहरातल्या कुठल्याही स्टुडिओत कोणी कोणावर गोळी झाडो, आवाज हनुमंतरावांचा असे. "राव, सातवा द्या," म्हणत दुसऱ्या स्टुडिओची माणसंसुद्धा येत. तो आवाज कसा केला, ही कहाणी मी निदान वीस वेळा ऐकली असेल. पल्लावरमच्या दगडाच्या खाणीत देवळाच्या उत्सवातले उखळीचे बार उडवले, त्यात वेताच्या छडीने चामड्याची गादी झोडल्याचा आवाज मिसळला, वर गोदामाचा पत्र्याचा दरवाजा धाडकन लावला आणि सगळ्याची फीत थोडी सावकाश फिरवली. खरी बंदूक त्यात औषधालाही नव्हती.

"खऱ्या बंदुकीला आवाज कुठं आहे?" ते म्हणत. "ती खोकते. माझी गर्जते."

आणि गर्जायची खरंच. थिएटरात बायका कानांवर हात ठेवत, पोरं बाकांवर उभी राहत. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, स्टुडिओत सगळी यंत्रं पुसून, चंदन-कुंकू लावून मांडत, कॅमेरे, दिवे, सामानघरातल्या रायफलीसुद्धा, आणि मधोमध, झेंडूची सगळ्यात जाड माळ घालून, सात नंबरचा डबा. त्या दिवशी आयुधाला हात लावायचा नसतो. हनुमंतराव डब्याकडे अशा नजरेने बघत की जणू मुलीचं लग्न लागतंय आणि ते लांबून पाहताहेत.

वेस्ट मांबलमला आम्ही एकाच रस्त्यावर राहत होतो. सकाळी साडेआठला ते निघाले की गल्लीतली पोरं लाकडी पिस्तुलं घेऊन दबा धरून असत. "ढिश्यांव!" झालं की हनुमंतराव छत्री सोडत, छाती धरत, भिंतीवर आदळत, एक गुडघा टेकत, तोंडाने "अय्यो, गेलों!" म्हणत आणि पायरीवर आडवे होत. रोज नवा मृत्यू. शेजारणी स्वयंपाक टाकून बघायला येत. मग उठून धोतर झटकून त्या पोराचा आवाज सुधारत: "पोटांतून काढ. घशांतून नक्को." पोरांच्या तोंडातला तो 'ढिश्यांव'देखील मुळात त्यांचाच होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि याचा त्यांना केवढा अभिमान वाटे! मलाही त्या तमाशात मजा वाटायची, हे कबूल करते.

अशात एक माहितीपट आमच्याकडे आला. सरकारी खात्याचं काम होतं, दोन रिळांचं. खेड्यापाड्यांत रानडुकरांसाठी म्हणून गावठी बंदुका घरोघर झाल्या होत्या आणि डुकरांसाठी घेतलेली बंदूक बांधाच्या, पाण्याच्या भांडणात माणसांवर चालत होती. ते दाखवायचं होतं. दिग्दर्शक वरदन नावाचा तरुण, हुशार आणि घाईचा माणूस. मोठे संकलक मोठ्या बोलपटांत अडकलेले, म्हणून जोडणी माझ्याकडे आली. आवाजासाठी हनुमंतराव जवादीच्या डोंगराखालच्या एका गावाला वरदनबरोबर गेले. जाताना म्हणाले, "चार दिवसांत येतों. तिथं ऐकण्यासारखं काय असणार?"

ते आठ दिवसांनी आले. फाटकाबाहेर भेटले तेव्हाही कानात बोळा नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "आधीं ऐका." आणि आत जाऊन त्यांनी फीत लावली.

एका बाईचा आवाज होता. नाव चेल्लम्मा. तमिळमध्ये बोलत होती, सपाट, न रडता. तोवर मला तमिळ बरंच समजायला लागलं होतं, अडलं तिथे हनुमंतराव सांगत होते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तिच्या मुलाचं चुलतभावाशी भांडण झालं. भावाने घरातून बंदूक आणली. विहीर घरामागे, शेतापलीकडे. चेल्लम्मा अंगणात जात्यावर नाचणी दळत होती.

"आवाज आला," ती म्हणत होती. "फट्. कुणी वाळका बांबू मोडला वाटलं. बंदूक म्हणजे मला माहीत होती. मुलानेच मला बाजारच्या गावी तंबूतला सिनेमा दाखवला होता. त्यात बंदूक उडाली तेव्हा मी कान झाकले होते, तो माझ्याकडे बघून हसला होता. हा तसा आवाज नव्हता. मी उरलेली नाचणी दळली. अर्धं माप असेल. मग माणसं ओरडत आली. मी पोचेपर्यंत संपलं होतं. तोवर तो पाणी मागत होता म्हणे."

मग फितीवर हनुमंतरावांचा आवाज: "तंबूतला आवाज तुला खरा वाटला, अम्मा?"

"सिनेमात खोटं कशाला दाखवतील?" ती म्हणाली.

त्यानंतर फितीवर बराच वेळ नुसता वारा होता. कोणीतरी यंत्र बंद करायला विसरलं होतं, आणि ते कोण, हे मला विचारावं लागलं नाही. हनुमंतराव खिडकीकडे तोंड करून उभे होते.

दुःख एवढ्यावर थांबलं नव्हतं. गावात बोलायला लागले होते की गोळीचा आवाज ऐकूनही ही आई दळत बसली. विहिरीवर बायका तिच्या शेजारी घागर ठेवीनात. तिच्या जावेनेच ते पसरवलं होतं. गोळी झाडणारा जावेचाच मुलगा, तुरुंगात गेलेला, तेव्हा दोष आणखी कुणावर तरी टाकायची तिलाही गरज असणार. चेल्लम्माने हनुमंतरावांना एकच विचारलं होतं: मी चुकले का?

याचं उत्तर त्यांनी आपल्या पद्धतीने शोधलं. पोलीस शिपायाकडून तसलीच बंदूक त्याच विहिरीपाशी उडवून घ्यायची ठरली आणि मायक्रोफोन त्यांनी जात्याशेजारी ठेवला. चेल्लम्माला म्हणाले, तू लांब जा. ती गेली नाही. "मी इथेच बसते. मला कळू दे," म्हणाली आणि जात्याचा खुंटा धरून दळायला लागली. वरदनचा कॅमेरा चालूच होता. जात्याची घरघर, कोंबडी, लांब कुणीतरी बैलाला हाकतोय, त्यात एक फट्. जातं फिरतच राहिलं. चार फेरे झाले आणि थांबलं.

"हाच," ती म्हणाली. आणि कॅमेऱ्याकडे बघून, "आता तुम्ही पण ऐकलंत. कोण उठलं?"

हनुमंतरावांनी तिला शब्द दिला होता की पडद्यावर हाच आवाज येईल, याच्यात तसूभर फरक होणार नाही, आणि तिच्या गावाला तो ऐकावा लागेल.

शब्द देणं सोपं होतं. चित्रपटाच्या पहिल्या दाखवणीला दिल्लीहून खात्याचे साहेब आले. नीटस माणूस, वाईट मुळीच नव्हते. सगळं बघितलं, आवडलं, आणि दिवे लागल्यावर म्हणाले, "सगळ्यात महत्त्वाच्या जागी गोळीचा आवाजच नाही. विषय बंदुकीचा आहे. मला सांगितलं होतं, इथे देशातला सर्वांत उत्तम बंदुकीचा आवाज मिळतो."

वरदनने लगेच मान हलवली. "सात नंबर घालू, सर. दहा मिनिटांचं काम."

मी हनुमंतरावांकडे बघितलं. सात नंबर घातला तर काय होणार ते मला दिसत होतं. डोंगर हादरेल असा बार, आणि बाई दळतेय. तंबूतल्या पडद्यावर सगळं गाव आपल्या डोळ्यांनी बघणार की जे बोललं जात होतं ते खरंच होतं. आम्ही तिला गावासमोर गुन्हेगार ठरवणार होतो, आणि तेही तिला शब्द दिलेल्या माणसाच्या आवाजाने.

हनुमंतराव मात्र शांत. "उद्यां सकाळीं दहाला या, साहेब. कॉफी माझ्याकडे. मग काय घालायचं तें घालूं," ते इंग्रजीत म्हणाले, पण इतक्या तंजावरी थाटात की मला ते मराठीच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, वरदन आला. खोलीच्या खिडक्या उघड्या, टेबलावर कॉफी, फुलदाणी. हनुमंतराव हवापाण्याच्या गोष्टी काढत बसले. दिल्लीची थंडी, मैलापूरच्या संगीतसभेतलं गाणं, साहेबांची मुलं कितवीत आहेत. वरदन घड्याळ बघून बघून कंटाळला. मीही. शेवटी साहेबच म्हणाले, "कॉफी छान, साखर मात्र थोडी कमी आहे. बरं, त्या आवाजाचं काय?"

"आवाज झाला, साहेब," हनुमंतराव म्हणाले.

"कुठला?"

"बंदुकीचा. स्टुडिओच्या मागच्या मैदानांत, गोदामापलीकडे. विहिरीपासून जात्यापर्यंत जितकं अंतर होतं तितकंच अंतर मोजून घेतलंय. आमच्या सामानघराच्या माणसाने परवान्याच्या बंदुकीतून नुसती दारू उडवली. आपण साखरेचं सांगत होता."

साहेब हसले. त्यांना थट्टा वाटली. मग हनुमंतरावांनी फुलदाणीतली फुलं बाजूला केली. आत मायक्रोफोन होता. शेजारच्या खोलीत यंत्र फिरत होतं. त्यांनी फीत उलटी फिरवून लावली. साहेबांचा आवाज आला: कॉफी छान, साखर मात्र... फट्... थोडी कमी आहे.

त्यांनी ते तीनदा ऐकवलं. तिसऱ्या वेळी साहेबांनी हातातला पेला खाली ठेवला.

"मी थांबलोसुद्धा नाही," ते म्हणाले.

"नाहीं. आपल्याला दोष नाहीं, साहेब. तिलाही नाहीं. बंदूक कशी वाजते हे आपल्याला मीच शिकवलंय, आणि मी खोटं शिकवलंय."

हनुमंतरावांच्या तोंडून आपल्या कामाबद्दल वाईट शब्द मी आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला. ते म्हणताना मान खाली घातली नव्हती. मला त्यांचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी उगाचच कॉफीचे पेले गोळा करायला लागले.

"लोक म्हणतील, आवाज घालायला विसरले," वरदन पुटपुटला.

"म्हणू देत," साहेब म्हणाले. "तोच ठेवा."

रीळ तयार झालं तेव्हा आयुधपूजा तोंडावर होती. त्या वर्षी मांडणीत सगळं होतं, रायफली होत्या, कॅमेरे होते. मधोमध झेंडूची माळ एका साध्या मायक्रोफोनला होती. सात नंबरचा डबा कपाटातच राहिला. कोणी विचारलं नाही. पुढे दुसऱ्या स्टुडिओची माणसं आली की हनुमंतराव सांगत, "नक्को. दुसरं कायपण मागा." तरी त्याच्या नकला मद्रासभर झालेल्या होत्या आणि बोलपटांत तो गर्जतच राहिला. हे त्यांना कळत होतं. थिएटरवरून जाताना ते डाव्या कानातही बोळा घालायला लागले.

त्या गावाजवळच्या तंबूत माहितीपट दाखवला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळचा खेळ. पुढे वाळूत बसलेली गर्दी, शेंगदाण्याच्या पुड्या, रडणारी मुलं. चेल्लम्मा कडेला एकटी बसली होती, आजूबाजूला दोन हात वाळू मोकळी. पडद्यावर ती दिसली तसे लोक बोटं दाखवून बोलायला लागले. जातं फिरत होतं. फट् झालं. कुणाचंही बोलणं थांबलं नाही, शेंगा फुटतच होत्या. चार फेरे. मग पडद्यावरची चेल्लम्मा समोर बघून म्हणाली, "हाच. आता तुम्ही पण ऐकलंत. कोण उठलं?"

पहिल्यांदा पुढचे गप्प झाले, मग मागचे. कुणीतरी कुणाला विचारलं, कधी झाला आवाज? त्याला कुणी सांगितलं नाही, कारण सांगता येईना. पुढचा मोठा सिनेमा सुरू व्हायच्या आधी एक म्हातारी उठली, आपलं फडकं उचललं आणि चेल्लम्माच्या शेजारी अंथरून बसली. मग आणखी दोघी आल्या. जाऊ आली नाही, पण तिने पदर तोंडावर घेतला होता. हनुमंतराव तंबूच्या दोरीशी उभे होते. "ऐकलंत, बाई?" ते मला म्हणाले. मी म्हटलं, काहीच ऐकू येत नाही. "तेंच," ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

पुढे नवऱ्याची बदली पुण्याला झाली आणि आमचा मद्रासचा संसार आवरला. निघायच्या दिवशी सकाळी मी सामान मोजत दारात उभी होते. साडेआठ झाले. हनुमंतराव छत्री घेऊन निघाले. तसे ते आता थकले होते, पोरंही त्यांना फारशी अडवत नसत, कारण माहितीपटानंतर त्यांनी मरायचं सोडून दिलं होतं. पण समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलं होतं. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी, वसंती, हिला हा इतिहास माहीत नव्हता. ती लाकडी पिस्तूल घेऊन पायरीआडून बाहेर आली आणि तिने पोटातून आवाज काढला. अगदी सात नंबर.

हनुमंतराव थांबले. मला वाटलं, आज मला निरोप म्हणून एकदा तरी छाती धरतील. त्यांनी छत्री भिंतीला नीट टेकवली आणि पायरीवर बसले.

"मेलों," ते तिला तमिळमध्ये म्हणाले. "बरोबर लागली. आता माझ्या आईला सांगायला कोण जाणार?"

वसंती हसली. ते हसले नाहीत.

"ती घरांत दळते आहे. तिला काहीं ऐकू आलं नाहीं. जा, तूच सांग."

मुलीने आमच्या दाराकडे बघितलं, मग त्यांच्या दाराकडे. पिस्तुलाचा हात हळूहळू खाली आला. आमची गाडी वळणावर पोचली तरी ती तिथेच उभी होती आणि हनुमंतराव पायरीवर, तिच्या उत्तराची वाट बघत.